मुरुडच्या खडकावर ह्यांनी मनगट सोडलं

मुरुडला जायचं मी ठरवलं ते भांडून. आमच्या ह्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवली त्याला चार महिने झाले होते. डॉक्टर म्हणाले, आता सगळं ठीक आहे, फिरा, खा, मजा करा. पण हे खुर्चीतून उठतील तर शपथ. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. नाडी मोजायची, आकडा विसरला की पुन्हा मोजायची. चार घास खाल्ले की हात धुवून परत तेच. कारखान्यात छत्तीस वर्षं लेथ चालवलेला माणूस, मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखायचा, तो आता स्वतःचाच आवाज ऐकत बसलेला. मला वाटायचं, आजाराने वाचले, पण ह्या मोजण्याने जातील.

एक दिवस नातीने विचारलं, आजोबा, लहानपणी तुम्हाला काय आवडायचं? मनगटावरची बोटं न हलवता म्हणाले, भीमेवर गळ टाकायचो. बस, तेवढंच. मी ते धरून ठेवलं. मुलगा म्हणाला, तळं आहे की गावामागे, समुद्र कशाला? मी म्हटलं, तळ्यावर नेलं तर दहा मिनिटांत घरी येतील. लांब नेलं तर परत यायला तरी वेळ लागेल.

पौर्णिमेला विहारात खीरदान होतं, ते चुकवून चालणार नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी निघालो. जानेवारी महिना, थंडी बरी होती. तळेगावच्या फाट्यावर अलिबागची एसटी मिळाली. बायकांना अर्धं तिकीट, पासष्टच्या पुढच्या पुरुषांनाही अर्धं, फक्त आधार कार्ड जवळ ठेवा. कंडक्टर ह्यांना म्हणाला, आजोबा, कार्ड दाखवा. आता कार्ड काढायचं तर मनगट सोडावं लागणार. हे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मीच खिशात हात घातला. कंडक्टर म्हणाला, आजी, खिसा पहिल्यापासून तुमच्याच ताब्यात दिसतोय. खंडाळ्याच्या घाटात ह्यांनी तीनदा नाडी मोजली आणि मी तीनदा खिडकीबाहेर बघितलं.

अलिबागला उतरून मुरुडची एसटी. रेवदंड्याच्या पुढे उजव्या हाताला समुद्र येतो, त्यामुळे जाताना उजवीकडची खिडकी धरा, हे माझं सांगणं. त्याआधी, अलिबागला जाताना, पेणला गाडी थांबते तिथे चहा बरा मिळतो, बायकांची सोयही ठीक आहे.

उतरलो ते फातिमाबींच्या घरी. नवरा गेलेला, मुलगा कतारला, घरात दोन खोल्या पाहुण्यांना देतात. माणशी नऊशे रुपये, त्यात राहणं आणि दोन वेळचं जेवण. तांदळाची भाकरी अशी मऊ की मी पीठ कसं उकडता ते दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा विसरले. मी आधीच सांगितलं, आमच्या ह्यांना तेल कमी, मीठ कमी. त्या म्हणाल्या, भाभी, मीठ कमी करते, पण मासा समुद्रातून येतो, त्याला मी काय सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच आम्ही खडकावर हजर. मी घरून कणीक मळून आणली होती, हळद आणि हिंग घालून, स्टीलच्या डब्यात. भीमेवर मासे ह्याच कणकेला लागायचे, असं ह्यांनी निघताना सांगितलं होतं. बघते तर काय, समुद्र जागेवर नाही. पाणी लांबच्या लांब गेलेलं, पुढे नुसता चिखल आणि ओले दगड, त्यावर दोन बगळे. नदी काय, सकाळी जा नाहीतर संध्याकाळी जा, असतेच. समुद्र उठून जातो हे आम्हा घाटावरच्या माणसांच्या डोक्यातच आलं नाही. हे खडकावर बसले आणि बोटं गेली मनगटावर.

तेवढ्यात फातिमाबींचे दीर हसनभाई जाळं वाळत घालायला आले. जहाजावर पंचवीस वर्षं काम करून घरी बसलेला माणूस, पांढरी दाढी, चेक्सची लुंगी. आमच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, वास घेतला.

"भाभी, हे माशांसाठी हाय की दादांच्या न्याहारीसाठी?"

मी म्हटलं, माशांसाठी. ते असे हसले की जाळं हातातून सुटलं. मग समजावून सांगितलं की कणीक खाऱ्या पाण्यात विरघळते, इथले मासे कोलंबी खातात. आणि पुनव नुकतीच झाली म्हणजे उधाणाचे दिवस, पाणी लांब जातं आणि तेवढंच वर चढतं. अकरा वाजता या, भरती चढत असेल तेव्हा मासा काठाला येतो, आणि पाणी खडकावरच्या ह्या काळ्या पट्ट्याला टेकलं की उठायचं, मग थांबायचं न्हाय. आता माझं सांगणं, तुम्ही कोणी जाणार असाल तर आधी गावातल्या माणसाला भरतीची वेळ विचारा. खडकावर शेवाळ असतं, चप्पल मागे पट्टा असलेली हवी.

अकराला आम्ही परत गेलो, डोक्याला टोप्या, पाण्याची बाटली, ह्यांच्या गोळ्या. कणकेच्या डब्याचं म्हणाल तर फातिमाबींच्या कोंबड्यांनी तो दहा मिनिटांत चाटून पुसून ठेवला.

हसनभाई काठी वापरत नाहीत. लाकडाच्या फळीला तंगूस, म्हणजे ती नायलॉनची पारदर्शक दोरी, गुंडाळलेली, टोकाला शिसं आणि गळ. गळाला तिकडे गरी म्हणतात आणि ह्या कामाला गरवणं. दोरी गरगर फिरवून लांब टाकायची, डाव्या हातात फळी, आणि दोरी उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून घ्यायची. ते ह्यांना म्हणाले, दादा, पाण्यात बघू नका, काय दिसणार न्हाय. मासा लागला तर बोटाला कळतं. लाट वेगळी ओढते, मासा वेगळा ओढतो. दोघांतला फरक बोटाने शिकायचा.

आता बघा, डाव्या हातात फळी, उजव्या बोटावर दोरी. मनगटाला हात राहिलाच नाही. मी बाजूला बसून शेंगा सोलत होते, पण लक्ष सगळं त्या बोटांवर. दहा मिनिटं झाली, वीस झाली. हे डोळे मिटून बसलेले, मान जरा तिरकी. हा चेहरा माझ्या ओळखीचा होता. मशीनचं ऐकताना असाच व्हायचा.

"ही लाट," म्हणायचे. मग थोड्या वेळाने, "ही पण लाटच." हसनभाई नुसती मान हलवायचे.

पाऊण तासाने दोरी एकदम ताणली. हे ताडकन उभे राहिले आणि एका हातामागून दुसऱ्या हाताने दोरी ओढायला लागले. माझ्या मांडीवरच्या शेंगा सगळ्या खडकात. वर आला तो शिंगाळा, हातभर, मिशा असलेला. हसनभाई ओरडले, हात लावू नका, काटा मारतो. त्यांनीच पायाखाली दाबून पकडीने गरी काढली.

हे उभेच होते. तोंड लाल, श्वास जोरात. मग हात छातीवर ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"धडधडतंय गं."

मी गोळ्यांची पिशवी ओढली. ती उघडेना. म्हटलं, बसा आधी, बसा. आणि मनात म्हटलं, बाई, तूच आणलंस ह्यांना इथे.

हे बसले नाहीत. हात छातीवरच, आणि हसायला लागले. "अगं, धडधडायलाच पाहिजे. केवढा मासा आलाय बघ."

मी खाली बसले आणि रडले. हसनभाईंना वाटलं मला शिंगाळ्याची दया आली. ते म्हणाले, भाभी, सोडायचा काय? हे म्हणाले, अजिबात नाही.

पाणी काळ्या पट्ट्याला टेकलं तसे उठलो. रात्री शिंगाळ्याचं कालवण झालं. हे दोन भाकऱ्या खाऊन हात चाटत बसले. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तीन तासांत एक बोटाएवढी तांबोशी मिळाली, ती ह्यांनी परत सोडली, आणि मोजणी एकदाच झाली, तीही चढण चढल्यावर. डॉक्टरांनी तेवढं सांगितलेलंच आहे.

घरी येऊन तीन आठवडे झाले. रोग गेला असं मी म्हणणार नाही. वीज गेली, पाहुणे आले, छातीत जळजळलं की बोटं जातात अजून मनगटावर. पण बाजारातून तंगूस आणली, लाकडाची फळी स्वतः तासली, आणि रविवारी जेवण झाल्यावर हे गावामागच्या तळ्यावर गेले. एकटे. मी सोबत येते म्हटलं तर म्हणाले, तू बोलतेस, मासे पळतात.

मी भांडी घासली आणि जरा आडवी झाले. जाग आली तेव्हा साडेपाच वाजले होते. हे अजून आले नव्हते. मी उठून चहा टाकला, एकच कप, आणि बसून सावकाश प्याले.