न टाईप केलेलं वाक्य

चूक माझीच. अर्ज साधा होता, पुढच्या तारखेचा. त्याची प्रत सरकारी वकिलांना द्यायची होती, ती मी टाचणी लावून दिली. ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकतो, त्या सरांचा पिवळा कागद त्याच टाचणीत अडकून गेला. त्यावर सरांच्या अक्षरात, क्रमाने, उलटतपासणीचे अकरा प्रश्न होते. शाळेत माझ्या वह्या टापटिपीचा नमुना म्हणून वर्गावर्गांत फिरवत. त्याच टापटिपीने दगा दिला.

आरोपी गोदामातला हमाल. तांब्याची तार चोरल्याचा आळ, पंधरा महिने आत. साक्षीदार एकच, गोदामाचा मुकादम. तो उलटतपासणीत फुटला तर हमाल घरी, नाही फुटला तर तुरुंगात. हमालाची बहीण प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर बसायची. भावाचा एक धुतलेला शर्ट पिशवीत घेऊन यायची. सुटलाच तर अंगावर घालायला बरा कपडा हवा, म्हणून.

मुकादम पिंजऱ्यात उभा राहिला आणि पहिल्याच प्रश्नापासून धडाधड उत्तरं देऊ लागला. तिसऱ्या प्रश्नाला मला शंका आली. मी फाईल चाळली. पिवळा कागद नव्हता. वाकून सरकारी वकिलांकडे मागितला, तर ते म्हणाले, "कुठला कागद?" आणि चष्मा पुसू लागले.

नवव्या प्रश्नाला सरांनी नुसता श्वास घेतला, तेवढ्यात मुकादम म्हणाला, "दिवा चालू होता."

"दिव्याचं मी अजून विचारलंच नाही," सर म्हणाले. मग न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, प्रश्नाच्या आधी उत्तर आलं, एवढं नोंदवावं."

न्यायाधीशांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "उत्तर नोंदवतो ना, वकीलसाहेब. आधी आलं की नंतर, हे कुठे टाईप करत बसायचं?"

"मीही एकदा असंच समजलो होतो," सर म्हणाले.

कोणाला काही कळलं नाही. न्यायाधीशांनी सांगितलं तेवढंच टायपिस्टने उतरवलं. दिवा चालू होता.

बाहेर व्हरांड्यात मी कबूल केलं, "सर, तो कागद माझ्या हातून गेला."

सरांनी फाईल बगलेत धरली. "असं होय. मला वाटलं, मुकादमच हुशार आहे." मग खिशातून एक नोट काढून माझ्या हातावर ठेवली. "कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून माझं घड्याळ आण. पैसे घेत असला तर दे."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सरांना बाररूममध्ये पाठीमागे 'टकटक' म्हणतात. साक्षीदार बोलू लागला की त्यांची बोटं टेबलावर टकटक वाजतात. मला ती सवय वाटायची. कारण त्या दिवशी घड्याळवाल्याने सांगितलं, तेही डोळ्यावरचं भिंग न काढता.

"तुझे सर टायपिस्ट होते. याच कोर्टात. माझ्या खटल्यात तेच टाईप करायला."

"तुमच्या खटल्यात?"

"शेजारच्या सोनाराचं दुकान फोडलं म्हणून मला धरलं. समोरच्या माडीवरची बाई म्हणाली, याला पाहिलं. पुढे असंही म्हणाली, त्या आठवड्यात तिचा चष्मा दुरुस्तीला होता. माझा वकील डायरीत पुढची तारीख शोधत होता. जज्जसाहेबांची जेवायची वेळ झालेली. त्यांनी ते वाक्य सांगितलं नाही. तुझ्या सरांनी ऐकलं, पण टाईप केलं नाही. सांगतील तेवढंच टाईप करायचं, हीच नोकरी. मला सात वर्षं झाली."

चौतिसाव्या वर्षी सर संध्याकाळच्या लॉ कॉलेजात जाऊन पोरांच्या बाकावर बसले. पक्की नोकरी सोडून चोरांचा कैवार घेणार म्हणून सासऱ्यांनी बोलणं टाकलं. शेवटची परीक्षा तिसऱ्या खेपेला सुटली. सनद हातात पडली त्याच आठवड्यात जुन्या बाजारातला काळा कोट घालून ते तुरुंगात पोचले, वकीलपत्र घेऊन.

"सगळं सांगितलं त्यांनी मला," घड्याळवाला म्हणाला. "रडले बिडले. शिक्षेचे चार महिने राहिले होते. मी म्हटलं, सही करतो साहेब, पण मला आधी कोण सोडवेल, तुम्ही की कॅलेंडर?"

तो हसला. मला हसावं की नाही ते कळेना.

"आणि पैसे?" मी नोट पुढे केली.

त्याने ती दोन बोटांनी परत सरकवली. "मी बाहेर आल्यापासून घड्याळ इथेच येतं. चांगलं चालणारंसुद्धा आणतात. पैसे मात्र मी एकदाही घेतले नाहीत. एकदा घेतले, की फिटलं असं वाटेल त्यांना. माझी बायको त्या सात वर्षांत गेली रे बाबा. इतक्या स्वस्तात कसं फिटू देऊ?"

मी नोट सरांना परत दिली. त्यांनी ती न बघता खिशात घातली, रोजची असल्यासारखी.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. तीन वर्षं. निकालपत्रात लिहिलं होतं की साक्षीदाराने सर्व प्रश्नांची उत्तरं न अडखळता दिली, म्हणून तो विश्वासार्ह आहे. सरांची बोटं टेबलावर वाजत होती. ती थांबली.

बहिणीने शर्टाची पिशवी उराशी धरली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "दादा, तुम्ही खूप केलंत आमच्यासाठी."

कागदाचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. "अपील करू," एवढंच म्हणालो. सरांनी माझ्याकडे पाहिलं. पूर्वी त्यांच्याकडेही कोणी असं पाहिलं असेल का, देव जाणे.

संध्याकाळी माझ्या घड्याळाच्या पट्ट्याची पिन निसटली. खरं सांगायचं तर मीच ती काढली. घड्याळवाल्याने ती क्षणात बसवली.

"काय लागला निकाल?"

"तीन वर्षं. पण ते प्रश्न... म्हणजे तो कागद..."

"माहीत आहे. तुझे सर मागेच सांगून गेले."

मी पैसे काढले. त्याने भिंग वर केलं, पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं, आणि नाणी माझ्याकडे सरकवली.

"राहू दे," तो म्हणाला. "तूही येत जा."