अरादमधलं बेडं

वत्सलावहिनी गेल्याचं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. दोन झाल्या होत्या. तिसरी झाली, पाचवी झाली, आणि मी फोन कानाला लावून तशीच उभी... डाळ पार तळाला लागली. तशी बातमी अचानक आली असं नाही म्हणता येणार. तीनच आठवड्यांपूर्वी डोंबिवलीला जाऊन त्यांना बघून आले होते. अंथरुणावर नुसती घडी घालून ठेवल्यासारख्या दिसत होत्या. तासभर बसले, त्यांचा हात हातात धरून माझं मीच काहीबाही बोलत राहिले. निघताना म्हटलं, "येते हं वहिनी." तर डोळे मिटलेलेच, पण आवाज अगदी पूर्वीसारखा खणखणीत, "शालू, जाताना बेडं ओढून घे गो."

सून बिचारी ओशाळली. "काकू, हल्ली असंच काहीतरी बोलतात. तिसऱ्या मजल्यावर कसलं काय?" मी म्हटलं, "घेते हो वहिनी, नीट ओढून घेते." आणि लॅचचं दार ओढून जिना उतरले. शहरात वाढलेल्या त्या पोरीला बेडं कुठून ठाऊक असणार? कोकणात आगराच्या, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेच्या कुंपणाला फाटक असतं ते बेडं. दोन बाजूंना भोकं पाडलेले खांब, आणि त्या भोकांतून आडवे सरकवलेले तीन-चार बांबू. माणसानं बांबू सरकवून आतबाहेर करायचं, गुरांना ते जमत नाही. असं एक बेडं आम्ही दोघींनी बहरीनमध्ये उभं केलं होतं. ती हकीकत मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. वहिनींनीही नाही. आता ती माहीत असलेली मी एकटीच उरले, म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही बहरीनमधल्या अरादला राहायला गेलो ते ऐंशी साल उजाडायच्या थोडं आधी. आमचे हे मनाम्यात बँकेत, आणि वहिनींचे यजमान रघुनाथभाऊजी एका कंपनीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर. दोन घरं एकमेकांकडे पाठ करून, मध्ये वाळूची बोळ. दोन्ही घरं उम्म युसुफ नावाच्या बाईंची. त्या शेजारीच राहत आणि आमच्याशी हिंदीत बोलत, आमच्यापेक्षा बरं! वहिनी रत्नागिरीकडच्या, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. बोलायला तिखट, कामाला वाघ. झाडाफुलांची हौस वगैरे त्यांना मुळीच नव्हती. मी एकदा डब्यात तुळस लावली, तर म्हणाल्या, "इथं माणसं सुकतात, तुझी तुळस काय जगते." खोटं नव्हतं ते. नळाला मचूळ पाणी, प्यायचं गोडं पाणी वेगळं विकत घ्यायचं. ते काय मातीत ओतायचं?

मग भाऊजींचे वडील वारले आणि माई, म्हणजे वहिनींच्या सासूबाई, गावात एकट्या पडल्या. भाऊजी एकुलते एक. रजा मोजून पंधरा दिवसांची. त्यांनी घर आणि आगर भाऊबंदांना विकून टाकलं आणि माईंना व्हिसा काढून घेऊन आले. घर विकल्याचं मात्र सांगितलं नाही. "चार दिवस चल, मग परत आणून सोडतो," असं सांगून आणलं. माईंचं विसरणं तेव्हा सुरू झालंच होतं. इथं आल्यावर तर धागाच तुटला. रोज सकाळी आंघोळ करून लुगडी गाठोड्यात बांधायची आणि पुढच्या दाराशी जाऊन बसायचं. "एस्टी चुकेल हो माझी." दाराला लोखंडी कडी, ती खाली दाबून मग सरकवायची. माईंच्या हातांना ती कधीच उमगली नाही. खडखड करायच्या, दमायच्या, तिथेच बसून राहायच्या.

पुढे त्यांनी जेवण सोडलं. म्हणजे रुसून नव्हे हो, भिडेपोटी. परक्याच्या घरी किती दिवस जेवायचं! मी समोर बसलेली असताना त्या वहिनींना म्हणाल्या, "बाई, तुम्ही फार चांगल्या आहात. पण माझी सून वाट बघत असेल, मला आता निरोप द्या." वहिनींच्या हातात ताट होतं. त्या म्हणाल्या, "सुनेला निरोप धाडलाय, माई. दोन घास खाऊन जा म्हणालीय ती." "ती असं म्हणायची नाही, फटकळ आहे," माई म्हणाल्या. वहिनी हसल्या आणि ताट घेऊन आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत... डॉक्टरांनी सांगितलं, औषध काही नाही, त्यांना त्यांच्या घरी न्या, नाहीतर अशाच जातील. पायऱ्या उतरताना वहिनी मला म्हणाल्या, "कुठल्या घरी नेऊ, ते विचारायचं राहिलंच बघ."

बागेची सुरुवात ठरवून झाली नाही. एसीच्या मागून पाणी ठिबकतं, ते भिंतीपाशी मुरायचं. तिथं वहिनींनी मनाम्यातून आणलेल्या अळकुड्यांतली एक नासकी फेकली होती. ती उगवली. एक दिवस बघतो तर माई तिच्यापाशी उकिडव्या बसलेल्या, पान उलटं करून बघताहेत. "देठ काळं आहे. खाजायचं नाही." मग मान वर करून वहिनींना म्हणाल्या, "वत्सू, याचं फदफदं करशील ना गो?" सहा महिन्यांनी त्यांच्या तोंडून सुनेचं नाव आलं होतं! त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

झालं. दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी पदर खोचला. एसीचं पाणी म्हणजे गोडं पाणी, हे त्यांनी जीभ लावून ठरवलं. दोन्ही घरांच्या, मग उम्म युसुफच्याही एसीखाली बादल्या आल्या. बहरीनच्या दमट उन्हाळ्यात एकेका एसीखाली दिवसाला दोन-दोन बादल्या भरतात, खोटं वाटेल. चार वाजले की आम्ही बादल्या घेऊन बोळ ओलांडायचो. खजुराच्या झावळ्यांचं छत केलं. रजेवर जाणाऱ्या प्रत्येकाला वहिनींची यादी. कुणी पंच्यात ओल्या हळदीचे गड्डे आणले, कुणी कर्दळीचे कंद, एका ड्रायव्हरनं तर केळीचा मुनवा, म्हणजे बुंध्याचा कोंब, ओल्या गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेऊन विमानात आणला. मी खाऊच्या डब्यातून माईंच्या आगरातली तांबडी माती आणली. कस्टमवाल्यानं डबा उघडून विचारलं, "हे काय?" मी घाबरून म्हटलं, "पूजा." त्यानं वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि हात हलवला, "यल्ला, यल्ला!"

वहिनींनी नुसती झाडं लावली नाहीत. माईंचं परस जसंच्या तसं मांडलं. धुण्याच्या दगडाला लागून केळ, न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, कुंपणाच्या कडेनं हळद, सगळं जिथल्या तिथं. माई हिंडून बघायच्या आणि मान डोलवायच्या. एसीची घरघर ऐकून त्यांनी एकदा विचारलं, "शेजाऱ्यांचा रहाट चाललाय ना?" वहिनी म्हणाल्या, "हो तर." गाठोडं सुटलं. एस्टी विसरली. माईंच्या गालांवर मांस आलं. फक्त एक गोष्ट त्यांना खुपायची. बोळीच्या बाजूला कुंपणात जिथून आम्ही बादल्या घेऊन यायचो, तिथं पत्र्याचा तुकडा तारेनं बांधलेला असे. त्याच्यापुढे उभ्या राहून त्या म्हणायच्या, "आणि बेडं कुठाय?"

वहिनींना ते नको होतं. त्या म्हणाल्या, "पत्रा बरा आहे गो." मीच म्हटलं, "अहो वहिनी, एवढं सगळं केलंत, तेवढ्यानं काय होतंय? लावून टाकू." उम्म युसुफच्या दिरांचं जुनं घर पाडत होते. तसल्या जुन्या घरांच्या छपरात बांबू असायचे. बाईंनी चार बांबू काढून दिले. "ले जाओ, ये तुम्हारे मुल्क से ही आया था, जहाज में." मी भोकं पाडून घेतलेले खांब पुरले, बांबू सरकवले. माई आल्या, वरचा बांबू एका हातानं सर्रकन ओढला आणि पुन्हा जागेवर बसवला. न बघता! आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या... त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. पुढच्या दाराची कडी ज्या हातांना वर्षभर उघडता आली नव्हती, त्या हातांना आम्ही ओळखीचं फाटक करून दिलं होतं, आणि ते दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

नोव्हेंबर आला. हवा गार झाली, एसी बंद झाले. बादल्या कोरड्या. वहिनी प्यायच्या पाण्यातलं थोडं थोडं घालायच्या, पण अळूनं माना टाकल्या, केळीची पानं कडेनं करपली. माई दिवसभर अस्वस्थ. "रहाट का बंद आहे? पाट का कोरडा? पाणी कुणी वळवलं?" त्यांच्या गावी पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं पाणी पाटानं आगरात येई. घराघराची पाळी लावलेली असे, आणि पाळीच्या दिवशी पहाटे कुणीतरी जाऊन माती ओढून पाणी आपल्या आगरात घ्यायचं. माईंनी ते काम चाळीस वर्षं केलं होतं. एका संध्याकाळी त्या वहिनींना म्हणाल्या, "उद्या पाळी आपली आहे गो." वहिनी भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मागल्या दारी आल्या तेव्हा बेड्याचे वरचे दोन बांबू एका बाजूला नीट सरकवलेले होते आणि बागेतलं खुरपं जागेवर नव्हतं. आम्ही धावलो. बोळ संपते तिथून पुढे समुद्र. तिथली भरती-ओहोटी न बघितलेल्याला कळायची नाही. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की नुसता चिखलच चिखल, आणि भरतीला ते गपचूप चहूकडून येतं. मासे धरायला समुद्रात रोवलेली कुंपणं बघायला गेलेल्या एका माणसाला माई सापडल्या. पाणी पुन्हा ओसरलं होतं. खुरपं हातातच होतं. आणि त्यांच्या बाजूला, अजून पुरता वाहून न गेलेला, चिखलाचा वीतभर उंचीचा एक बांध होता. सरळ. पाणी घराकडे वळावं असा.

माईंना अग्नी बहरीनमध्येच दिला. घर माणसांनी भरलेलं होतं, मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. भाऊजी एकदम ओरडले, "कुणाचं डोकं हे? कुणी लावलं ते बेडं?"  मी ट्रेमधल्या कपांकडे बघत राहिले. वहिनींनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "माझं डोकं. मीच लावलं." भाऊजी म्हणाले, "तुझ्या बागेनं मारलंन माझ्या आईला."  आणि मी खरं काय ते बोलले नाही... तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. तो क्षण गेला, मग दिवस गेला, मग वर्षं. भाऊजींनी ते वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नाही, पण त्यानंतर बायकोच्या हातचं पाणीसुद्धा न घेता ते स्वतः उठून घ्यायला लागले. मी समोर राहून ते बघत होते.

बाग पंधरा दिवसांत गेली. पुढच्या उन्हाळ्यात एसीचं पाणी पुन्हा भिंतीपाशी मुरत राहिलं, वहिनींनी तिथं फरशी घालून घेतली. आमचं येणंजाणं, डबे, सणवार सगळं चालू राहिलं. एकदाच मी विषय काढला होता, "वहिनी, त्या दिवशी मी..." त्या म्हणाल्या, "दूध उतू जाईल बघ." गॅसवर दूध नव्हतं.

ऐंशीचं दशक संपता संपता ते डोंबिवलीला परतले, आम्ही त्यांच्यामागून दोन वर्षांनी. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा गॅलरीत वहिनी कपडे वाळत घालत होत्या. उंच दोरी, आणि हातात काठी. बांबूची, जुनी, काळपट. दोन्ही टोकांना घासून गुळगुळीत झालेली. मी ओळखली, बेड्यातलाच बांबू. त्यांनी सामानाबरोबर जहाजानं आणली होती. पुढची तीसेक वर्षं, भाऊजी गेले त्यानंतरही, त्या बाईनं रोज त्या काठीनं घरभराचे कपडे वाळत घातले. माझ्यासमोर, आणि भाऊजी होते तोवर त्यांच्यासमोरही. घरात एसी मात्र शेवटपर्यंत लावू दिला नाही.

तेराव्याला गेले होते. सून म्हणाली, "काकू, आईंची काही आठवण हवी असेल तर सांगा. साडी वगैरे..." मी म्हटलं, "ती कपड्यांची काठी देशील?" ती हसली. "अहो, ती केव्हाची टाकायचीच होती. घेऊन जा."

आता ती माझ्याकडे असते. मी तिनं कपडे वाळत घालत नाही. संध्याकाळी दिवा लावला की ती उघड्या दाराच्या चौकटीला आतून आडवी अडकवून ठेवते. नातू तिच्याखालून वाकून पलीकडे जातो आणि म्हणतो, "आजी, हिनं कोण थांबणार आहे?" मी हातानं चाचपून बघते, दोन्ही टोकं नीट बसली आहेत ना.