नाटकातल्या लग्नाची काडीमोड

माझं पहिलं लग्न नाटकात लागलं. मोडलं मात्र ते खरंखुरं, पारावर, दिवसाढवळ्या, अख्ख्या गावासमोर. पुढं मी पुष्कळ वर्षं नाटकात कामं केली. लोक इचारतात, बाई, तुमची पहिली भूमिका कोणती? मी म्हणते, नवरीची. ते हसतात, म्हणतात वा, सुरुवात तर गोड झाली. मी चहा पिते. आज सांगते.

आमचं गाव वडीगोद्रीच्या आत, कच्च्या रस्त्याला. साल असेल ब्याऐंशी-त्र्याऐंशी. जत्रेला दरवर्षी तरणी पोरं एक सामाजिक नाटक बसवायची. त्यात बाईचं काम करायला जालन्याहून एक बाई यायच्या. त्यांना गावात कुणी नावानं बोलवत नव्हतं. सगळे नुसतं 'पात्र' म्हणायचे. पात्र उतरलं का यष्टीतून, पात्राला चहा दिला का, पात्र झोपलं का. गावच्या बाया मुद्दाम त्यांना बघायला यायच्या, लुगड्याचा काठ बोटात धरून कौतुक करायच्या, आणि त्यांनी पाणी प्यालेला तांब्या मागून राखेनं घासून घ्यायच्या. मी पण घासलाय.

त्या वर्षी ऐन जत्रेच्या तोंडावर पात्र येत नाही असा निरोप आला. दुसऱ्या कुण्या गावानं पळवलं म्हणे. नाटक बसवणारे आमच्या शाळेतले गुरुजी डोकं धरून बसले. शाळा आमच्या घरासमोरच, तालमी तिथंच चालायच्या. मी ओट्यावर ज्वारी निवडता निवडता सगळं नाटक पाठ करून ठेवलेलं, पुरुषांची वाक्यंसुद्धा. गुरुजींना हे ठाऊक होतं. ते थेट आमच्या आबांकडं आले.

आबा म्हणाले, पोरीची सुपारी फुटलीय, तिकडच्यांना इचारल्याबिगर मी हो म्हणणार नाही. बराबरच होतं त्यांचं. सोयरीक घनसावंगीकडची, घरचा ऊस, एकुलता मुलगा. त्याला आई नव्हती, आत्यानं वाढवलेला. मला बघायला आल्ते तेव्हा सगळ्यांनी मला भाकरी येते का, शिवण येतं का, दळण किती दळते हे इचारलं. त्यानं इचारलं, वाचायला काय आवडतं. मी म्हणाले, किराण्याच्या पुड्याला जो कागद येतो तो. तो इतका मोकळा हसला, की बाई गं, मी तिथंच ठरवून टाकलं. मला तोच पाहिजे होता. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी आहे.

गुरुजी स्वतः जाऊन तिकडून होकार घेऊन आले. मुलगा म्हणाला म्हणे, करू द्या, मी आत्याला घेऊन बघायला येतो. मंग काय, माझे पाय जमिनीवर राहिनात.

नाटकातला नवरदेव म्हणजे गावात ज्याचं शिलाईचं दुकान होतं तो. मोठा हजरजबाबी गडी. नुसता आत आला तरी लोक हसायचे. खरं सांगायचं तर मला उभं राहायला त्यानंच शिकवलं. लोकांकडं पाठ करू नको, वाक्याचं शेपूट गिळू नको, आणि लोक हसायला लागले की गप बस. हसू खाली बसू दे, मंग पुढचं बोल. एवढी साधी गोष्ट, पण मोठमोठ्या नटांना जमत नाही हो.

दुसऱ्या अंकात आमचं लग्न होतं. गुरुजींना सगळं खऱ्यासारखं पाहिजे. त्यांनी ज्वारी रंगवून अक्षता केल्या आणि टोपल्यांतून लोकांत वाटल्या. भटजीचं काम करणाऱ्या पोराचा घसा तालमीत ओरडून ओरडून बसला होता, त्याच्या तोंडून आवाजच फुटेना. अंतरपाट धरलेला, आम्ही दोघं हार घेऊन उभे, आणि मंगलाष्टक म्हणायला कुणी नाही. लोक शिट्ट्या मारायला लागले. तेवढ्यात गुरुजींची नजर पहिल्या रांगेत बसलेल्या गावच्या खऱ्या भटजींवर गेली. त्यांनी हात जोडले. भटजी नको नको म्हणत वर चढले. आता त्यांचं कसं, जन्मभर लग्नं लावलेला माणूस. त्यांना थोडंसं म्हणून थांबताच येईना. सुरू झाले ते शेवटपर्यंत गेले, सावधान सावधान करत. जत्रेला आलेल्या वाजंत्र्यांना राहवलं नाही, त्यांनी आपणहून वाजवायला घेतलं. आणि वरून ज्वारीचा पाऊस.

पाव्हणे म्हणून माझ्या होणाऱ्या सासरच्यांना पुढं खुर्च्या दिल्या होत्या. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. तो उभा राहून, हसत, मूठ भरभरून माझ्या अंगावर अक्षता टाकत होता. एक दाणा माझ्या ओठाला चिकटला. मला वाटलं, आपलं काम त्याला आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई आमच्या ओसरीत चहाला बसल्या. बोलायला अशा गोड, की साखर नको. मला जवळ घेऊन म्हणाल्या, काम फक्कड केलंस गं पोरी, मी तर रडले. मंग पदर सावरून आबांकडं वळल्या.

"पन पाव्हणं, पोरीच्या अंगावर अक्षता एकदाच पडत्यात ना?"

आबा हसले. त्यांना वाटलं चेष्टा करून राह्यल्या. आत्याबाई हसल्या नाहीत.

"भटजी खरा, मंत्र खरे, वाजंत्री खरी. अक्षता तर माझ्या हातच्या, ह्या पोरानं बी टाकल्या. मंग खोटं काय व्हतं त्याच्यात?"

"नवरा खोटा व्हता की," आबा म्हणाले.

"नवरे समदेच खोटे असत्यात. त्यानं लगीन मोडतं का?"

तो मुलगा आपल्या चपलेकडं बघत होता. जाताना आत्याबाई एवढंच म्हणाल्या, ह्याचा काही निकाल लावा, मंग तारीख काढू.

ते गेले आणि गावाला धंदाच मिळाला. हापशावर गेले की बाया म्हणायच्या, अगं तू माहेरीच कशी अजून, न्यायला आला न्हाई का? शिलाईच्या दुकानासमोरून जाताना आत बसलेली पोरं एका सुरात वहिनी म्हणायची, आणि तो मशीनवरून मान वर करून खोटं खोटं लाजायचा. मंग पुन्हा हशा. आईनं मला दळणाला पाठवणं बंद केलं. आबा भटजींकडं गेले, म्हणाले, महाराज, सांगा ते लग्न नव्हतं म्हणून. भटजी म्हणाले, मी दक्षिणा घेतली नाही, म्हणून ते लग्न आहे म्हणता येत नाही. पण मंत्र पूर्ण म्हटलेत, म्हणून नाही असंही म्हणता येत नाही.

शेवटी पाटलांनी तोड काढली. आमच्याकडं नवरा-बायकोचं पटलं नाही तर काडीमोड करायचे. पंचासमोर नवऱ्यानं गवताची काडी घ्यायची, मोडायची, टाकायची. संपलं. कोर्ट नाही, कचेरी नाही. पाटील म्हणाले, तसंच करू, म्हणजे पाव्हण्यांच्या मनात किल्मिष राहायचं नाही. गुरुजींना इचारलं तर ते म्हणाले, काय हरकत आहे, त्यांचं समाधान होईल. एवढा शिकलेला माणूस. आबांना तर कुणी हात धरून वाट दाखवली तरी चाललं असतं. ते हो म्हणाले. मी पण हो म्हणाले. मला तारीख पाहिजे होती ना.

नाटकाला जेवढी माणसं नव्हती तेवढी त्या दिवशी पारावर. शेजारच्या वाडीवरनं माणसं आल्ती, शेंगा खात बसलेली. माझा नवरदेव आला तो नाटकातला फेटा बांधून. त्याला बघूनच पहिला हशा झाला. मी मनात म्हणाले, असू दे, त्याच्या स्वभावात आहे, आता पटकन मोडेल आणि मोकळं करेल.

पाटलांनी त्याच्या हातात काडी दिली आणि रीतीप्रमाणं इचारलं, "सोडतो का हिला?"

त्यानं काडी वर धरली, उजेडात फिरवून बघितली. लोक हसले. तो थांबला. हसू बराबर खाली बसू दिलं.

"सोडतो. हिच्या हाताला चव न्हाई."

"तू कव्हा खाल्लं तिच्या हातचं?"

"न्हाई खाल्लं. पन तोंडावर दिसतं की."

माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. पाटीलसुद्धा मिशीत हसले. मी तिथं आबांच्या शेजारी उभी. त्याला तिथंच काडी मोडून टाकता आली असती. पण त्याला माणसं मिळाली होती हो, आणि माणसं मिळाली की नटाला दुसरं काही दिसत नाही. तो पुढं झाला, माझ्याभोवती एक चक्कर मारली, नाक दाबलं, पुन्हा थांबला, पुन्हा हसू बसू दिलं. म्हणाला, हिला घोरायची सवय हाय, शेजारची म्हैस आटली. मला रडू आलं. मी पदर तोंडाला लावला, तर मागून कुणीतरी म्हणालं, बघा कसं काम करती, त्या दिवशीपेक्षा ब्येस. मंग तर मला रडतासुद्धा येईना. शेवटी त्यानं काडी मोडली, दोन्ही तुकडे माझ्या पायाशी टाकले, आणि तिसऱ्या अंकात जायचा तसा कपाळाला हात लावून निघून गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक गोष्ट मला त्या वेळीसुद्धा कळली. नाटकात त्यानं इतकं चांगलं काम केलं नव्हतं.

घनसावंगीला निरोप गेला, झालं म्हणून. आठ-पंधरा दिवसांत आत्याबाई स्वतः आल्या, मुलालाही घेऊन. मी नवं पातळ नेसले होते. तारीख काढायला आल्यात असं आम्ही धरून चाललेलो.

आत्याबाईंनी इचारलं, काडी मोडली का खरंच? पंचासमोर? आबा म्हणाले, हो, समद्या गावानं बघितली.

"म्हंजे लगीन झालं व्हतं की," आत्याबाई म्हणाल्या. "न झालेल्या लग्नाची काडी कोन मोडतं?"

आबांचं तोंड उघडं राहिलं. मी दाराआड उभी राहून ऐकत होते.

त्या मंग फार मायेनं समजावून सांगायला लागल्या. आम्ही काय वाईट माणसं न्हाई, शब्द दिलाय, पोरीला घेऊन जाऊ. पण आता ती सोडलेली. सोडलेल्या बाईचं पुन्हा लग्न होत नाही, नुसता पाट लावतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. दिवे लागल्यावर, चार माणसांत, वाजंत्री नाही, अक्षता नाही, सवाष्णींनी समोर यायचं नाही. आणि पाटाच्या बाईला आमच्यात देवाच्या भांड्याला शिवू देत नाहीत, तेवढं तिनं सांभाळून घ्यावं. राहिला आमचा पोरगा. तो अजून कुवार, त्याचं पहिलं लग्न रीतीनं झालं पाहिजे. तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावू. मांडव घालून, बँड लावून, गावजेवण देऊन. ते झालं की संध्याकाळी तुमच्या पोरीचा पाट.

झाडाला बँड आणि मला अंधार. आणि ह्या सगळ्यावर आबांनी मान हलवली. कारण दाराशी आलेली सोयरीक होती, आणि मागं माझी धाकटी बहीण उभी होती.

आत्याबाई आत आईशी बोलायला गेल्या तेव्हा तो मुलगा एकटा ओसरीत राहिला. मी लाज सोडून बाहेर आले. मला वाटलं, हा वाचणारा माणूस आहे, हा हसेल, म्हणेल कसलं झाड आणि कसलं काय. तो हळूच म्हणाला, "झाडाचं मनावर घेऊ नको. ते नुसतं नावाला असतंय."

"मी बी स्टेजवर नावालाच उभी व्हते," मी म्हणाले.

तो म्हणाला, आत्या म्हणती ते ऐकावं लागतं. तो वाईट नव्हता. आजही म्हणते, वाईट नव्हता. पण त्याच्या हातात मूठभर ज्वारी दिली तेव्हा टाकताना त्याला आत्याला इचारावं लागलं नव्हतं.

मी आबांना सगळ्यांसमोर सांगितलं, मी झाडाची सवत होणार नाही. आबा उठून मारायला धावले. आत्याबाईंनीच त्यांचा हात धरला, म्हणाल्या, जाऊ द्या पाव्हणं, सोडलेल्या बाईला बोलायची सवय लागतीच. आणि गेल्या. त्याच मोसमात त्यांनी मुलाचं लग्न दुसरीकडं केलं. झाड लागलं नाही, कुवार पोरगी मिळाली.

आमच्याकडं मात्र मंग कुणी आलं नाही. आबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. ताट वाढलं की जेवायचे, पाणी पाहिजे असलं तर आईला सांगायचे, हिला सांग. गावात कुणी पाव्हणा आला आणि ही कोण म्हणून इचारलं, तर म्हणायचे, थोरली, नवऱ्यानं सोडलीय. सरळ, सहज. इतक्यांदा म्हणाले, की मला वाटतं शेवटी त्यांना ते खरंच वाटायला लागलं.

दिवाळी झाल्यावर जालन्याहून एक गृहस्थ आले. तिथली नाटक मंडळी चालवणारे, गावोगाव प्रयोग लावायचे. त्यांना स्त्रीपात्र पाहिजे होतं. आमच्या गुरुजींनी माझं नाव सुचवलेलं, पण ते स्वतः काही घरात आले नाहीत, शाळेच्या दारातच उभे राहिले. गृहस्थ मोठे अदबशीर. आबांसमोर हात जोडून म्हणाले, आमच्यात बायामाणसं असतात, राहायची सोय चांगली, मी स्वतः आणून सोडत जाईन. मुलीच्या वडिलांची परवानगी असल्याशिवाय मी कुणाला नेत नाही. आपली परवानगी असावी.

आबा सुतळी वळत होते. वळतच राहिले. मंग मला ऐकू जाईल अशा बेतानं, पण माझ्याकडं न बघता, म्हणाले,

"मला कशाला इचारता? कुवार पोर असती तर बापाची परवानगी लागली असती. ती सोडलेली बाई हाय. तिची ती मालकीण."

आत आईचा भाकरी थापायचा आवाज थांबला. आबांना मला टोचायचं होतं, आणि टोचलं. पण त्यांच्या तोंडून काय निघून गेलं ते त्यांना कळलं नाही. त्या गृहस्थांनाही कळलं नाही. ते बिचारे एकदा आबांकडं, एकदा माझ्याकडं बघून राह्यले, आता कुणाला इचारावं म्हणून.

मी म्हणाले, "मलाच इचारा. कव्हा निघायचं?"