शेवंताबाईंना गप्प कुणी केलं?

अन्याय झाला तो शेवंताबाईंवर. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघायच्या आधी, परवान्याची तपासणी करायला आलेले साहेब उंबरठ्यावर कपबशी धरून उभे असताना. हे आधीच लिहून टाकते, कारण गेल्या काही आठवड्यांत बाईंबद्दल जे बोललं गेलं त्यात 'दुर्दैवी अपघात' आहे, 'वार्धक्य' आहे, 'ईश्वरेच्छा'सुद्धा आहे. कुणी, कधी, कुठे, एवढं मात्र त्यात नाही. आणि ईश्वरेच्छा म्हणे! छप्पन साली नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून धर्म बदलून आलेली बाई, तिला जाताना तरी ईश्वराच्या गळ्यात बांधू नका.

त्या सकाळनंतर काही दिवसांनी बातमी आली तेव्हा मी छापखान्यात होते. नळाच्या पाण्यावरचं एक पत्रक तपासत होते. धोंडबाजी दारात येऊन उभे राहिले. ते कधी छापखान्यात आलेले नव्हते. आत आले, टेबलावरचे कागद दोन्ही हातांनी सरळ करू लागले, कापडाचा तागा लावतात तसे... "बाई गेली वं सुमन," म्हणाले, "पहाटंच गेली. तुले आवाज देऊन राहिली होती काल." मी पत्रक तसंच टाकून निघाले. वाटेत ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "जागा माही होती न... जागा माही होती."

जागा त्यांचीच. धोंडबाजी जातीचे विणकर. गांधीबागेच्या मागच्या गल्लीत त्यांची लांबलचक कौलारू खोली होती, तिथे दोन हातमाग चालायचे. आमच्याकडचा हातमाग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला असतो. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय आत सोडतो आणि पायाखालच्या पट्ट्या दाबत विणतो. हातमागाच्या लुगड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, तसे माग मोडून माळ्यावर गेले आणि धोंडबाजी बाजारात गाठोडी वाहू लागले. खोली रिकामी राहिली, तिच्यात दोन खड्डे राहिले. त्या वेळी शेवंताबाई त्यांच्याकडे गेल्या. शाळा सुटल्यापासून आया कामावरून परत येईपर्यंत गल्लीतली पोरं नाल्याच्या कडेने हिंडतात, त्यांना बसवायला जागा द्या म्हणाल्या. धोंडबाजींनी दिली, भाडं न घेता. भाऊबंद म्हणाले, काहून रे, विणकराच्या घरात ही बाई? धोंडबाजी म्हणाले, तुमची पोरं तिथंच बसतीन संध्याकाळी, पाहा. आणि बसलीच. अट एकच होती. खड्डे बुजवायचे नाहीत, माग परत लागेल. बाईंनी शब्द दिला आणि वीस वर्षं पाळला.

मी त्या पहिल्या पोरांपैकी. आई गोदामात बांधाबांध करायची, अंधार पडल्यावर घरी यायची. पाटीवर 'बालसंगोपन केंद्र' हे नाव नंतर आलं, आम्ही 'मागात जातो' म्हणायचो. त्या खड्ड्यांची भीती आम्हाला कधी वाटली नाही. ते आमचे बाक होते! काठावर बसायचं, पाय आत सोडायचे, मांडीवर पाटी. इतकी सोयीची बसायची जागा मला पुढे कॉलेजातही मिळाली नाही. उन्हाळ्यात खाली गार लागायचं, त्या जागेसाठी मारामाऱ्या व्हायच्या. धोका होता तो पळापळीत. त्यासाठी बाईंची एक पद्धत होती. त्यांनी "खड्डा!" म्हणून आरोळी दिली की जो जिथे असेल त्याने तिथेच थांबायचं. एक पाय वर असेल तर एका पायावर. नवं पोर आलं की पहिले काही दिवस दुसरा कसलाच अभ्यास नसायचा, हाच. बाई पाठ करून उभ्या राहायच्या, आम्ही धुमाकूळ घालायचो, मध्येच आरोळी... आणि सगळं घर दगड. जो हलला त्याला त्या दिवशी गुळाचा खडा नाही. मी मोठी झाल्यावर एकदा भर रस्त्यात सायकलवरून चालले होते, मागून बाई ओरडल्या आणि मी ब्रेक दाबून उभी. पुढे खरंच उघडं गटार होतं. "अजून ऐकतं वं तुह्यं अंग," म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. त्या घरात वीस वर्षांत एकाही पोराचा पाय मोडला नाही.

मग संस्था आली. दुधाची भुकटी, सुकडी, पाट्या मिळतील म्हणून बाईंनी ते घर एका संस्थेच्या नावावर चालवायला दिलं. खोटं कशाला बोलू, ते सगळं मिळालंही. यंदा संस्थेला अनुदान हवं होतं. अनुदानाला परवाना लागतो, परवान्याला तपासणी. आता नागपुरात तपासणी कशी होते ते मी सांगायला नको, पण सांगते. साहेब कधी येणार हे सगळ्यांना आठवडाभर आधी माहीत असतं. वाळूच्या लाल बादल्या एका टॉकीजमधून त्या दिवसापुरत्या आणल्या. त्यांच्यावर टॉकीजचं नाव रंगवलेलं, म्हणून नावाची बाजू भिंतीकडे. औषधाची पेटी संस्थेच्या सचिवांच्या नंदनवन वस्तीतल्या घरून आली. पोरं कमी असावीत म्हणून दिवस सणाचा निवडला. सगळ्यांना सगळं ठाऊक, साहेबांनाही. फक्त आईबापांना वाटतं की कुणीतरी येऊन पाहून गेलं.

खड्ड्यांचं काय, हा प्रश्न बाईंनी संस्थेला दरवर्षी विचारला होता. शब्द दिलाय, बुजवता येत नाही. तर जाड सागवानी झाकणं करून द्या, पोरं नसताना लावू, खेळायच्या वेळी लावू. दरवर्षी उत्तर यायचं, पाहू. तपासणीच्या आदल्या दुपारी सचिव दोन माणसं घेऊन आले. सोबत कापडाच्या खोक्यांच्या फळ्या. जेमतेम बोटाएवढ्या जाड, खिळ्यांची भोकं पडलेल्या. त्या खड्ड्यांवर आडव्या टाकल्या आणि वर नवीकोरी सतरंजी. मी तिथेच होते. म्हटलं, "भाऊसाहेब, हे झाकण आहे की सापळा?" ते हसले. "तू पत्रकं छाप, बेटा. संस्था आम्ही चालवतो. आणि उद्या तू इकडे दिसू नकोस." मग बाईंकडे वळले. "बाई, उद्या तेवढा तो शब्द नको."

"कोनता?"

"तो... तुम्ही ओरडता तो. साहेबांसमोर एकदा जरी तो शब्द निघाला, तरी परवाना गेला. परवाना गेला तर मला हे घर चालवता येणार नाही. मग तुमची पोरं आणि तुमचा नाला."

"मंग पोराइले थांबवू कसं?"

"बसवून ठेवा की एका जागी."

"पोरं हायेत जी, पोते नाई."

सचिवांना विनोद आवडला. बाई हसल्या नाहीत. ते गेल्यावर मी बाईंशी भांडले. उद्या सतरंजी उचला आणि साहेबांना खड्डे दाखवा, म्हणा याला झाकणं हवीत, संस्था देत नाही! तपासणी असते कशासाठी? बाई सतरंजीच्या कडेला बसून होत्या, पाय कुठे ठेवावेत हे कळत नसल्यासारख्या. "तू म्हनतं ते खरं हाय. पन खरं सांगितल्यावर ते काय करतीन? झाकन देतीन का कुलूप लावतीन? मले सांग." मला सांगता आलं नाही. आजही येत नाही, आणि यावरच माझा सगळ्यात जास्त संताप आहे. खरं बोललं की घर बंद, हेच ज्या तपासणीचं फळ, ती पोरांची राखण करते असं कुणी मला पुन्हा सांगू नये.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. काय झालं ते धोंडबाजींनी सांगितलं, ते दाराबाहेर उभे होते, आणि बाईंनी सांगितलं, दवाखान्यात. शाळेला सुट्टी म्हणून पोरं कमी येतील हा सचिवांचा हिशेब होता. तान्ह्या पोळ्याला पोरं घरी बसतात, असं ज्याला वाटतं त्याने पोरं पाहिलेली नाहीत. सगळीच्या सगळी आली, नवे कपडे घालून, चाकांवरचे लाकडी बैल ओढत, बैलांना झुली, शिंगांना बेगड. बाई पूजा करायच्या नाहीत, पण दरवर्षी प्रत्येक बैलाचं नाव विचारायच्या. "मी बैलाले हात नाई जोडत, पोराइचा बैल पायते," म्हणायच्या. त्या दिवशी पोरं भिंतीला लावून बसवली होती. साहेब आले, दारातच थांबले. रस्ते बंद होतील, लवकर आटपू म्हणाले. सचिवांनी चहा दिला. साहेब म्हणाले, "वा, सतरंजी छान आहे."

छबी नावाची पोर, जेमतेम पहिलीतली. तिच्या बैलाची दोरी सुटली, बैल घरंगळत सतरंजीच्या मधोमध गेला. छबी उठली आणि त्याच्यामागे निघाली. रोजचा उघडा खड्डा असता तर तिने तो डोळे मिटून चुकवला असता, पण खड्डा दिसतच नव्हता. दिसत होती ती सपाट रंगीत सतरंजी. बाईंनी ते पाहिलं. एक शब्द पुरे होता. "तोंडापर्यंत आला व्हता," बाई मला म्हणाल्या, "मंग सायबाची कपबशी दिसली... अन् माहं तोंडच उघडलं नाई." ओरडण्याऐवजी त्या धावल्या. छबीला बाजूला लोटलं आणि स्वतः फळीवर आल्या. फळी मोडली. सतरंजीसकट बाई खाली.

एक पोर हललं नाही, धोंडबाजी सांगतात. कुणी ओरडलं नव्हतं, तरी सगळी जिथल्या तिथे दगड. खड्ड्यातून बाईंनी पहिलं विचारलं ते, "छबी कुठं हाय?" साहेबांनी कपबशी खाली ठेवली आणि सचिवांना म्हणाले, "मी काही पाहिलं नाही. आधी यांना दवाखान्यात न्या." धोंडबाजी मला म्हणाले, "चांगला मानूस व्हता वं बिचारा, नाईतर परवाना गेलाच व्हता." इतकं आपण शिकलो आहोत! पाहायला आलेला माणूस 'पाहिलं नाही' म्हणतो आणि आपण त्याला चांगला म्हणतो. परवाना आला. बाई खुबा मोडून खाटेवर पडल्या होत्या, त्याच आठवड्यात आला.

दवाखान्यात मी रोज जायचे. मी म्हटलं, लिहिते, सगळ्यांची नावं घालून लिहिते. त्या मान हलवायच्या. "नको वं. चिडन तो, घर बंद करन." मी गप्प राहिले ते त्यांच्या शब्दाखातर. पुढे ताप आला, छातीत भरलं, बोलणं कमी होत गेलं. शेवटच्या दिवसांत त्या एकदा मला म्हणाल्या, "सुमन, मी ओरडले असते तर छबी थांबली असती न?" मी म्हटलं, थांबली असती बाई. "मंग माहंच चुकलं." नाही चुकलं! मी हे त्यांना कितीदा सांगितलं. वीस वर्षं पोरं सांभाळलेली बाई आपणच चुकलो हे धरून गेली, आणि ज्यांनी तिच्या तोंडावर बोट ठेवलं ते शोकसभेत हार घालून उभे होते. सचिवांनी तिथे सांगितलं की फळ्या बाईंनी टाकल्या होत्या, वय झालं होतं, नीट बसवल्या गेल्या नाहीत. मी उठून 'खोटं' म्हणाले, तर दोन मिनिटं शांतता पाळा म्हणून मला बसवलं.

आणि घर? बाईंनी ज्याच्यासाठी तोंड मिटलं ते घर बंदच आहे. संस्था म्हणते, दुरुस्तीसाठी. दुरुस्ती धोंडबाजींनी केली. मागच्या दाराने हातगाडीवर मुरूम आणला आणि दोन्ही खड्डे स्वतः बुजवले. मी मदतीला गेले तर मला घमेलं उचलू दिलं नाही. "माग आता नाई लागत वं," एवढंच म्हणाले, धुम्मसाने मुरूम ठोकत राहिले. जमीन सपाट झाली, परवाना भिंतीवर आहे आणि पुढच्या दाराला संस्थेचं कुलूप आहे. छबी आणि तिच्याबरोबरची पोरं दुपारी नाल्यावर असतात. जाऊन पाहा.

या पुरवणीच्या वाचकांत त्या संस्थेचे वर्गणीदार आहेत, मला माहीत आहे. दिवाळी अंकाबरोबर तिच्या वर्गणीच्या पावत्या घेता तुम्ही. येत्या रविवारी संस्थेची सभा आहे. त्या सभेला या. फळ्या कुणी टाकल्या ते सचिवांना सगळ्यांसमोर विचारा, बाईंवर ठेवलेला ठपका मागे घ्यायला लावा, आणि किल्ली धोंडबाजींच्या हातात दिल्याशिवाय उठू नका. सभासद नसाल तर तुमचं पोर दुपारी ज्या घरात असतं, तिथे उद्या जा. कळवू नका. कुणी चहा दिला तर घेऊ नका. चपला दारात काढा आणि शेवटच्या भिंतीपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत जा.