बाबांच्या नकली बंदुकीचा पट्टा

मंडळी, आज माझ्या हातून एक चूक झाली.

आमच्या दिघोरीत दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, तिच्यात नाटक असतं. त्यात बाबा दरवर्षी फौजी व्हायचे. ते गेल्यावर त्यांची सागवानी बंदूक यंदा मी धरणार आहे. तिच्यासाठी मागवलेलं नकली मॅगझिन आणि नवा पट्टा आज दुपारी आला. जुना पट्टा काढताना मी त्याची गाठ सोडली.

आई धावतच आली. "काहून सोडली रे? तुह्या बाबाच्या मापाची गाठ होती ना ते!"

मी घाईघाईनं गाठ पुन्हा बांधली, बंदूक खांद्याला अडकवली. आई म्हणाली, "असं नाही." मग माझ्या कानाच्या उंचीला हवेत हात धरून म्हणाली, "त्याईचा खांदा इथं होता."

आता नवा पट्टा कोणाच्या मापानं बांधू, तुम्हीच सांगा.