रस्त्याकाठचा मारुती

झरीच्या रस्त्याला लागून आपलं शेत आहे. हा रस्ता रुंद झाला, गाड्या वेगाने जाऊ लागल्या आणि एके सकाळी रस्ता ओलांडणारं एक वानर ट्रकखाली गेलं. वानर म्हणजे मारुती. गावाने त्याला शाल पांघरली, गुलाल उधळला आणि भजन म्हणत तिथेच कडेला पुरलं. वर शेंदूर लावून दगड बसवला. यात पुढाकार तुमच्या धाकट्या आजीचा, म्हणजे माझ्या जावेचा.

दर शनिवारी लोक तिथे केळी, नारळ, फुटाणे ठेवू लागले. ते खायला वानरांचा कळप रस्त्यावर येऊ लागला. थोड्या दिवसांनी आणखी एक मेलं. मी फोटो काढून जागेसह वनविभागाला पाठवला. त्यांनी 'वाहने सावकाश चालवा' अशी पाटी लावली आणि रस्त्याकडेला खाणं ठेवू नका असं सांगितलं. पण देवाचा नैवेद्य बंद कसा करायचा?

मग पिलू असलेली एक मादी गेली. मी फोटो काढत होते, जाऊ हार घेऊन उभी होती.

"अक्का, झाला का तुमचा फोटू? देवाला ताटकळत ठेवायलाव तुमी."

"तिच्या मुठीत बघ," मी म्हणाले.

मुठीत फुटाणे होते. जावेने हार घातला. मग दगडापुढचे फुटाणे पदरात भरून घेतले.

पुढच्या शनिवारच्या आत तिने नारळ फोडून देवाची परवानगी मागितली, तिथली माती तांब्यात घेतली आणि दगडासह शेताच्या पार टोकाला, ओढ्याकाठच्या कडुलिंबाखाली नेली. पारावरच्या एका म्हाताऱ्याने टोमणा मारला, "आता देवाचीबी बदली व्हायली का?"

"व्हय मामा. तुमच्यावानी त्योबी रिटायर झाला. सावलीला बसंल."

आठवडाभर कुरकुर झाली, मग लोक ओढ्याकडे जाऊ लागले. कळपही तिकडे वळला. रस्त्यावर मुंगसं आणि साप अजून मरतात, त्यांचे फोटो मी पाठवते. वानराचा पाठवावा लागलेला नाही. लिंबाजवळचा आपला हरभरा मात्र वानरांनी ठेवला नाही. तुमचे धाकटे आजोबा परवा उपटलेली झाडं घेऊन दारात आले.

जाऊ म्हणाली, "आणलीच हायेत तर सोला. घाटे हायेत त्यात."