बिनघुंगरांचा नाच

कलेची कदर करावी तर ती सांगलीकरांनीच. आमच्या शेजारच्या बाई त्र्याहत्तर साली मुंबईहून आधुनिक नृत्य शिकून आल्या. बसथांब्यावर उभ्या असतानाही त्या एखाद्या हमालाची वाकलेली पाठ न्याहाळत आणि आपले खांदे तसे झुकवून पाहत. वर्ग काढायला त्यांना शाळेचा हॉल हवा होता, म्हणून त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांसमोर हळद निवडणाऱ्या बायकांवर स्वतः बसवलेला नाच केला. घुंगरू नाहीत, गाणं नाही. पंधरा मिनिटांनी अध्यक्ष म्हणाले, "आवं बाई, नाच कवा सुरू व्हनार?"

घाम पुसत बाई म्हणाल्या, "संपला."

सगळे हसले. मीही हसलो.

हॉल मात्र त्यांना मिळाला. निवृत्त होईपर्यंत त्या तिथं मुलींना लेझीम शिकवत होत्या.